जर्मलचं पातेलं, जर्मनीची साखर

कागल-भुदरगडच्या पट्ट्यात ‘जर्मन’ हा शब्द माणसाला पहिल्यांदा स्वयंपाकघरात भेटतो. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा, जर्मनची परात. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्या आयाबाया हेच म्हणत आल्या. हा शब्द ‘जर्मन सिल्व्हर’वरून आला. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा पांढरा मिश्रधातू. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो. चीनमध्ये अशा धातूची भांडी पूर्वीपासून होत, त्यांची नक्कल करताना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत तो तयार झाला. पुढे ॲल्युमिनियम स्वस्त झालं. तेही पांढरं, म्हणून लोकांनी त्याला जुनंच नाव चिकटवलं. भांडी आपल्याकडेच बनत होती, तरी त्यांना जर्मनीचं नाव मिळालं.

याच्या उलटी गोष्ट साखरेची आहे. एके काळी आपल्या बाजारात खरोखर जर्मनीहून साखर येत होती आणि तिला मात्र नाव मिळालं नाही. साखरेला देशांची नावं देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हिंदीतली ‘चिनी’ चीनची, ‘मिसरी’ मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची. मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला आपली जुनी माणसं ‘मोरस साखर’ म्हणत. जर्मन साखर आली, विकली गेली, खाल्ली गेली, तिच्यावरून सरकारी कायदा झाला. पण भाषेत तिची खूण उरली नाही. जर्मन खाणं म्हटलं की आज कुणालाही सॉसेज आणि बिअर आठवते. मराठी घरात मोठ्या प्रमाणावर शिरलेला जर्मन पदार्थ मात्र साखर हा होता.

माझा या विषयाशी संबंध पदवीमुळे आलेला नाही. मी बिद्रीचा. वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. उकळत्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबायची आणि काहील उतरवायची का नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचा इतिहास कुठं लिहिलेला सापडतो का, हे शोधत मी जुन्या गॅझेटियरांकडे आणि व्यापाराच्या अहवालांकडे वळलो. गुळाचा माग काढता काढता साखर लागली आणि साखरेचा माग काढता काढता मी जर्मनीत जाऊन पोचलो. आधी पुस्तकांतून, मग एकदा प्रत्यक्ष.

गोष्ट सुरू होते १७४७ साली, बर्लिनमध्ये. आंद्रेआस मार्ग्राफ या रसायनशास्त्रज्ञानं बीटाच्या कंदातून अल्कोहोलच्या मदतीनं स्फटिक काढले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि उसाच्या साखरेतले व हे स्फटिक एकच आहेत असं दाखवून दिलं. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड यानं बीटाच्या निवडक जाती वाढवल्या. प्रशियाच्या राजाच्या मदतीनं त्यानं सायलेशियातल्या कुनेर्न या गावी बीटसाखरेचा जगातला पहिला कारखाना उभा केला. तो १८०१-०२च्या सुमाराला चालू झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. नेपोलियननं इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा युरोपात उसाची साखर मिळेना आणि बीटाला दिवस आले. ज्या पिकाकडे आधी गुरांचा चारा म्हणून पाहत, त्यानं शंभर वर्षांच्या आत उसाला गाठलं. १९००च्या सुमाराला जगातली निम्म्याहून अधिक साखर बीटाची होती आणि ती बनवण्यात जर्मनी सर्वांत पुढं होता.

इतकी साखर जर्मनी एकटा खाणार कशी? तिथल्या सरकारनं निर्यातीवर बक्षीस ठेवलं, म्हणजे आजच्या भाषेत अनुदान. परदेशात जाणाऱ्या साखरेवर कारखानदाराला सरकारी पैसा मिळे. त्यामुळे जर्मन साखर बर्लिनपेक्षा लंडनमध्ये स्वस्त मिळू लागली. १८९०च्या दशकात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची हीच साखर हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागली. आपल्या साखरेच्या इतिहासात ‘परदेशी साखर’ एवढाच उल्लेख येतो. ती कोणत्या झाडाची आणि कोणत्या शेतातली, हे कुणी विचारत नाही.

उत्तरेतले खांडसरीवाले या साखरेपुढं टिकेनात. मॉरिशसचे मळेवाले इंग्रजांचेच, त्यांचीही ओरड होती. अखेर मार्च १८९९मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारनं अनुदानित साखरेवर जादा आयातकर बसवणारा कायदा केला. मुक्त व्यापाराचं गुणगान गाणाऱ्या इंग्रज सरकारचं हे पाऊल त्या काळात बरंच गाजलं. १९०२मध्ये ब्रसेल्सला युरोपीय देशांचा करार होऊन ही बक्षिसं बंद करायचं ठरलं. त्यानंतर बीटाची साखर मागं पडली आणि तिची जागा जावाच्या उसाच्या साखरेनं घेतली. जर्मन साखरेचा आपल्याकडचा मुक्काम असा जेमतेम एका पिढीचा. भाषेत नाव न उरण्याचं एक कारण हेही असावं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उसाचा रस आटवला की प्रत्येक टप्प्यावर खाण्याजोगं काहीतरी मिळतं: पाक, काकवी, गूळ, राब. साखर नाही झाली तरी बिघडत नाही. बीटाचं तसं नाही. बीटाची कच्ची साखर, म्हणजे स्फटिकांना मळी चिकटलेली साखर, वासाला आणि चवीला नकोशी असते. ती शुद्ध करून पांढरीशुभ्र केल्याशिवाय माणसाच्या खाण्याची होत नाही. पांढरेपणा ही उसाच्या साखरेची हौस होती, बीटाच्या साखरेची ती गरज होती. आणि एकदा पांढरी झाली की तिच्यात कुठल्याच मातीची चव उरत नाही. मॉरिशसची, जावाची, जर्मनीची, सगळी सारखी. जिला ओळखच नाही तिला लोक नाव काय देणार?

ही शुभ्रता हाडांच्या कोळशातून गाळून आणली जाई, हे त्या काळच्या शुद्धीकरण कारखान्यांबाबत खरं होतं. १९०५च्या स्वदेशी चळवळीत कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. साखरेत गाईची आणि डुकराची हाडं असतात, ही गोष्ट घरोघर पोचली. अनेकांनी परदेशी साखर सोडण्याच्या शपथा घेतल्या. नैवेद्याला आणि उपासाला गूळच बरा, असं म्हणणाऱ्या आज्या माझ्या लहानपणीही होत्या. त्यांना कर्झन माहीत नव्हता की हॅम्बुर्ग माहीत नव्हतं.

कोल्हापूर या साऱ्यात कुठं होतं? शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ १८९५मध्ये वसवली आणि पुढं ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली. म्हणजे बंदरावर बीटाची साखर उतरत होती त्याच दशकात इथं गुळाची पेठ उभी राहत होती. गूळ टिकला, कारण तो साखरेची गरीब बहीण म्हणून विकला जात नव्हता. त्याला त्याची स्वतःची गिऱ्हाइकं होती, गुजरातपर्यंत. तीस किलोचा रवा हातानं थोपटून त्याचा आवाज ऐकणारे व्यापारी होते.

२०१८च्या ऑक्टोबरात भाच्यानं मला जर्मनीला नेलं. तो तिथं नोकरीला आहे, बॉनजवळ राहतो. “मामा, तुम्हाला किल्ले दाखवतो,” म्हणाला. मी म्हटलं, किल्ले राहू देत, मला बीटाचं शेत दाखव. ते दाखवायला फार लांब जावं लागलं नाही. शेतांच्या कडेला कंदांचे लांबच लांब ढीग पडले होते आणि रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऑयस्किर्शनच्या साखर कारखान्याकडे चालल्या होत्या. रस्त्यावर सांडलेला चिखल, कारखान्याच्या धुराड्याची वाफ, हवेतला गोडसर उग्र वास. फक्त थंडी सोडली तर मी मुधाळ तिट्ट्यावर उभा आहे असंच वाटलं. तिथल्या हंगामाला ते ‘काम्पान्ये’ म्हणतात. आजच्या शर्कराकंदात १६ ते १८ टक्के साखर असते; आमच्या उसाचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास. उसाची मोळी कारखान्यात जाऊन पिळली जाते. कंदाचे मात्र बारीक काप करून गरम पाण्यात साखर उतरवून घेतात. त्या कापांना कारखान्यात ‘श्निट्सेल’ म्हणतात आणि हॉटेलात पाव लावून तळलेल्या मांसाच्या कापालाही श्निट्सेलच म्हणतात. साखर काढून उरलेला चोथा गुरांना जातो.

त्याच भागात मेकनहाइम नावाचं गाव आहे. तिथं १८९३पासून बीटाचा पाक करणारा कारखाना आहे. पिवळ्या डब्यातला हा काळा पाक जर्मनीभर मिळतो. ऱ्हाइनच्या काठची माणसं त्याला ‘र्‍यूबेनक्राउट’ म्हणतात. कृती सांगायला सोपी. कंद धुवायचे, तुकडे करायचे, तासन्‌तास शिजवायचे, पिळायचे, रस गाळायचा आणि दाट होईपर्यंत आटवायचा. बाहेरचं काही घालायचं नाही. ही साखर काढून उरलेली मळी नव्हे, हा अख्ख्या रसाचा पाक आहे, म्हणून तो खाता येतो. आपल्याकडेही काकवी आणि मळी यांत हाच फरक. गुळासाठी रस ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो; काकवीसाठी १०५च्या आसपास थांबतात. वडिलांकडे तापमापक नव्हता, ते झाऱ्यावरून पडणाऱ्या धारेकडे पाहून सांगत.

भाच्याच्या घरमालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि ‘रायबेकूखन’ केले. किसलेल्या बटाट्याचे, कांदा घातलेले, तेलात तळलेले पातळ वडे. आपल्या उपासाच्या थालीपिठाचे चुलतभाऊ. सोबत सफरचंदाचा गर, काळा पाव आणि हा पाक. मी बोटानं पाक चाटला. पहिली चव काकवीची. मागून मातीचा आणि भाजलेल्या कंदाचा वास येतो, तो आमच्या काकवीत नाही. आमच्या काकवीतला किंचित आंबटपणा आणि उसाचा हिरवा वास यात नाही. पण जात एकच. मी भाच्याला म्हटलं, “बाईंना सांग, आमच्याकडे हे भाकरीवर घेतात.” बाई हसल्या आणि जे सांगितलं त्यासाठी माझा सगळा प्रवास सार्थकी लागला. युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यांत साखर मिळत नव्हती. त्यांची आई कपडे उकळायच्या मोठ्या हंड्यात रात्रभर बीट शिजवायची. कंद काही विकतचे, काही शेतात वेचलेले, आणि काही, बाई म्हणाल्या, विचारू नका कुठले. बाईंच्या थोरल्या भावानं मोठेपणी हा पाक कधी तोंडात घातला नाही. त्याला तो उपासमारीची चव वाटे. बाईंना मात्र तो आईची चव वाटतो.

युद्धानंतर ऱ्हाइनच्या काठी कपड्यांच्या हंड्यात पाक करणारी घरं हजारो होती, ही तिथं सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. साखरेच्या इतिहासात राजे, कायदे, कारखाने येतात. पाक मात्र आठवणींत राहतो. आमच्याकडेही काकवी ही गुऱ्हाळावरच्या मजुरांची, चिपाडं उचलणाऱ्या पोरांची चीज. शिळी भाकरी, वर काकवी, झालं जेवण. आमच्याही गावात तालेवार घरी पाहुण्यापुढं काकवी ठेवत नसत.

बाकीच्या जर्मन जेवणाबद्दल खरं सांगायचं तर माझी जीभ कोल्हापुरीच राहिली. राय या धान्याचा आंबवलेला काळा पाव मला मनापासून आवडला. भाकरीसारखाच तो पोटभरीचा, चावून खायचा, आणि आंबिलीची आठवण करून देणारा आंबूस. वेस्टफालियाचा ‘पुम्परनिकेल’ तर सोळा-सोळा तास मंद आचेवर भाजतात. तो जवळजवळ गोड लागतो. मिठात मुरवलेला कोबी, ‘साउअरक्राउट’, पहिल्या दिवशी बिनमसाल्याचं लोणचं वाटला, चौथ्या दिवशी मी मागून घेतला. डुक्कर आणि गाय मी खात नाही, त्यामुळे तिथल्या निम्म्या ताटाला माझा हातच लागला नाही. उकडलेल्या बटाट्यावर बॅगेतली कांदा-लसणाची चटणी टाकली तेव्हा भाचा खाली मान घालून हसत होता, पण वाटी त्यानंही पुढं केली.

त्या काळ्या पावापाशी आणखी एक धागा सुटतो, तो थेट बिद्रीला येतो. बॉनच्या पूर्वेला, ऱ्हाइनपलीकडे, वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १८४६-४७च्या हिवाळ्यात तिथं दुष्काळ पडला. वायरबुश गावचा तरुण मेयर फ्रीडरिश विल्हेल्म राइफआयझन यानं सरकारी धान्य रोखीनंच वाटायचा हुकूम बाजूला ठेवून ते उधारीवर वाटलं. गावातल्या सुस्थितीतल्या लोकांकडून पैसा उभा करून त्यानं ‘पाव मंडळ’ काढलं, गावची भट्टी उभारली आणि स्वस्त पाव उधारीवर दिला. त्या अनुभवातूनच पुढं १८६४मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची कर्ज संस्था निघाली, सावकाराला पर्याय म्हणून. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेती बँकांचा अभ्यास करायला लावलं. त्याचा अहवाल १८९५ आणि १८९७मध्ये दोन खंडांत आला आणि त्याचा सारांश एवढाच होता की हिंदुस्थानला आपला राइफआयझन शोधावा लागेल. १९०४मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०५मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळला पहिली सोसायटी निघाली. पुढं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच वाटेनं आमच्या गावाला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आला. जर्मनीत आजही तीच रीत आहे: झ्यूडत्सुकर या युरोपातल्या बलाढ्य साखर कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेची आहे.

म्हणजे जर्मनीकडून आपल्याकडे दोन गोष्टी आल्या. एक पांढरी साखर, जिनं खांडसरीला मारलं. दुसरी, भुकेल्या गावाच्या पावाच्या भट्टीतून निघालेली सहकाराची कल्पना, जिच्यामुळे शेतकरी स्वतः पांढरी साखर करू लागला. मी या कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आहे. त्यानं या कोरड्या-ओल्या मुलखाला काय दिलं ते मला कुणी सांगायला नको. पण ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळाला माणसं मिळेनात, चुलवाणं थंड पडली, हेही तितकंच खरं. आमच्या बांधावरचं गुऱ्हाळ वडिलांच्या हयातीतच बंद झालं.

जी गुऱ्हाळं उरली त्यांच्यापुढचा प्रश्न मला या लेखाच्या निमित्तानं मांडायचा आहे. सौद्यात गुळाचा भाव आधी रंगावर ठरतो. पिवळाधमक गूळ वरचढ, काळसर गूळ खाली. रंग उजळावा म्हणून काहिलीत रसायनाची पावडर पडते आणि अलीकडे तर रसात चक्क साखर विरघळवून गूळ केला जातो. रानभेंडीच्या चिकानं मळी काढणारा, रंग येईल तो येऊ देणारा गुळव्या या बाजारात मागं पडतो. १८९०च्या दशकात जी शुभ्रतेची अट बीटाच्या साखरेबरोबर बंदरावर उतरली, ती सव्वाशे वर्षांनी गुळाच्या काहिलीपर्यंत पोचली, असं मला यातून दिसतं. परदेशी साखर नाकारणाऱ्या आज्यांनी जो गूळ शुद्ध म्हणून देवापुढं ठेवला, त्यातच आता साखर आहे.

ऱ्हाइनकाठच्या पाकाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. कोल्हापुरी गुळालाही २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागद दोन्हीकडे आहे. फरक एवढा की त्यांचा पाक काळा असतो आणि काळा म्हणूनच विकला जातो. कुणी त्याला उजळ करायला जात नाही, कारण गिऱ्हाइकाला त्याची चव ठाऊक आहे आणि त्या चवीमागचा हिवाळाही. साखर करण्यात जगाला मागं टाकणाऱ्या देशानं आपला पाक जपून ठेवला. आपण मानांकन मिळवलं आणि चव विसरत चाललो.

यंदाच्या फराळात शंकरपाळी आणि चिरोटे साखरेचेच असतील, त्याला माझी ना नाही. पण अनारशाचा गूळ घेताना दुकानदाराला पिवळा दाखव म्हणू नका. काळसर मागा, जिभेवर ठेवून बघा आणि खारट-आंबूस अशी काही छटा लागते का ते पाहा. लागली, तर तो गूळ कुण्या गुळव्यानं धारेकडे बघून उतरवलेला आहे. असा गूळ मागणारी माणसं वाढली तर सौद्यातला भावही बदलेल. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याला रंगाशी वैर नाही की प्रेम नाही, त्याला गिऱ्हाईक हवं असतं.